लाल दस्ती

सिडको एन-७, छत्रपती संभाजीनगर
मंगळवार, २ डिसेंबर २०२५

चि. स्वराली,

मामाचा आशीर्वाद. टपालानं पत्र आलेलं बघून घाबरू नकोस. मी आणि तुझी मामी दोघंही धडधाकट आहोत, आजारी आहे तो कॉम्प्युटर. फोन केला असता, पण मागच्या वेळी तू 'बॅकअप' म्हणालीस, माझ्या कानातल्या यंत्राला 'पापड' ऐकू आलं आणि मी तुला अर्धा तास उडदाच्या पापडाची हकीकत सांगत बसलो. ईमेल तर कॉम्प्युटरबरोबरच बसला आहे. तेव्हा पोस्ट खातं झिंदाबाद.

झालं असं, की शुक्रवारी सकाळी एक ईमेल आला. वर 'शुभविवाह', खाली 'सहकुटुंब सहपरिवार येण्याचे करावे' आणि सोबत पत्रिका जोडलेली. पाठवणाऱ्याचं नाव धड कळत नव्हतं, पण मी धरून चाललो की ही आमच्या सांडूकडची. सांडू तुला आठवत असेल, वैजापूर तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये वीस वर्षं माझ्या हाताखाली शिपाई होता. त्याच्या नातीचं, मोनिकाचं, लग्न ठरलंय आणि "पत्रिका येतीच हाय सायब" असं तो मला सांगून गेला होता.

आता आपली रीत तुला ठाऊक आहे. घरी आलेली पत्रिका तशीच पडू द्यायची नसते. आधी हळदीकुंकू, मग उघडायची. मामीनं विचारलं, पत्रिका कुठंय? मी पडद्याकडे बोट दाखवलं. ती करंडा घेऊन आली, पडद्याच्या कोपऱ्याला हळद लावली, कुंकू लावलं आणि हात जोडले. मग मी टिचकी मारली.

वधू नाही, वर नाही, मुहूर्त नाही. पडदा आधी काळा झाला आणि मग त्यावर लाल पाटी आली, इंग्रजीत. तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली हवी तर पैसे भरा. बघतो तर प्रत्येक फायलीच्या नावाला भलतंच शेपूट फुटलेलं आणि एकही उघडेना.

शब्दकोशही त्यातच गेला. नऊ वर्षं मी वैजापूर, कन्नड, खुलताबाद या टापूत ओसऱ्या झिजवून शब्द वेचले, चार हजार एकशे बारा. प्रकाशकाला मजकूर डिसेंबरअखेर द्यायचाय, प्रकाशन सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनी. ते सांडूच्या आईच्या हातून व्हायचंय. देवगाव रंगारीच्या सारजाबाई, वय वर्षं एक्याण्णव. त्यांनी एकटीनं मला चारशे शब्द दिलेत आणि दर महिन्याला विचारतात, "माझे सबद बुकात कवा येत्यात?" त्यांना काय सांगू मी?

मामीला मी यातलं काही बोललेलो नाही. कॉम्प्युटर सर्व्हिसिंगला द्यायचाय एवढंच सांगितलंय. कुंकू तिनं लावलं होतं, उगाच मनाला लावून घेईल. तूही बोलू नकोस. आणि उपाय कळव.

तुझा,
व्यंकूमामा

बाणेर, पुणे
५ डिसेंबर

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार, आणि उठल्यावर रागवणं.

पहिलं काम: इंटरनेटची वायर ओढून काढा आणि कॉम्प्युटर बंद ठेवा. दुसरं: त्या लोकांना एक छदामही देऊ नका. पैसे घेऊन किल्ली देतीलच असं नाही, आणि दिलेत तर पुढच्या वर्षी बारशाची पत्रिका पाठवतील. लाल पाटीचा मात्र फोटो काढून ठेवा, सायबर पोलिसांकडे तक्रार करायला लागेल. तिसरं: ओळखीचं कुणी जाणकार माणूस बघा, जे कॉम्प्युटर पूर्ण पुसून नव्यानं सगळं बसवून देईल.

आता एक प्रश्न. सांडूकाकांना ईमेल कधीपासून यायला लागला? मागच्या उन्हाळ्यात तर त्यांच्या बटणांच्या मोबाईलमधलं घड्याळ कसं लावायचं हे मी त्यांना शिकवलं होतं. मामा, ईमेल कुणाचा हे वरच्या मजकुरावरून ठरवायचं नसतं. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडून वाचायचा. पत्ता ओळखीचा वाटला तरी, फाईल आपण मागितलेली नसेल तर आधी त्या माणसाला विचारायचं. आणि पत्रिका म्हणून आलेल्या फायलीच्या नावाचं शेवटचं शेपूट 'ईएक्सई' असेल, तर ती पत्रिका नाही, तो घरात घुसायला बघणारा प्रोग्राम असतो. कॉम्प्युटर ही शेपटं लपवून ठेवतो. ती कायम दिसतील असं करून घ्या.

तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जावरची सही खरी की खोटी हे लांबून ओळखलंत. इथं एवढे कसे फसलात?

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन दिवाळ्यांपूर्वी मी तुम्हाला एक पेन ड्राईव्ह दिला होता आणि दर आठवड्याला शब्दकोशाची नक्कल त्यात ठेवा म्हणून बजावलं होतं. ठेवत होतात ना? तो कुठं आहे? तो सापडला तर शब्दकोश वाचला. पण सापडल्या सापडल्या या कॉम्प्युटरला लावू नका, नाहीतर तोही जाईल.

काळजीत असलेली,
स्वराली

संभाजीनगर
१० डिसेंबर

चि. स्वराली,

तुझी सगळी रागवणी दप्तरी दाखल केली आहे. सांडू काल खरी पत्रिका घेऊन आला, कागदाची, कोपऱ्यांना हळद लावलेली. मी ईमेलचं विचारल्यावर म्हणाला, "म्या कशाला मेल करू सायब? मला धा पावलं चालाया येतं की." लग्न एक फेब्रुवारीला आहे, देवगावला. तुलाही बोलावलंय.

उस्मानपुऱ्यात प्रेरणा नावाची एक मुलगी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते, चोख आहे. रिक्षात घालून कॉम्प्युटर तिच्याकडे नेला. ती पडदा बघून म्हणाली, "काका, आजवर चहा सांडलेले पडदे आले माझ्याकडं, पूजा केलेला पहिलाच." फायली सुटायच्या नाहीत म्हणाली. सगळं पुसून नव्यानं बसवून देणार आहे.

आता पेन ड्राईव्ह. नक्कल मी ठेवत होतो, देवाशप्पथ, शेवटची पंधरा ऑक्टोबरला, दिवाळीपासून खंड पडला. पण पेन ड्राईव्ह जागेवर नाही. माझ्या घरच्या आवक-जावक रजिस्टरात बघितलं. (हस नकोस. रिटायर झालो तरी टेबलावरची वस्तू नोंदीशिवाय हलत नाही, हा माझा नेम आहे.) त्यात अठरा ऑक्टोबरची नोंद सापडली: 'पेन ड्राईव्ह १ नग. लाल दस्ती.'

तुझ्या पिढीला सांगायला हवं. आमच्या कचेरीत निजामाच्या काळापासून, टपालात न टाकता माणसाच्या हाती द्यायच्या कागदावर 'दस्ती' लिहायचे. लाल म्हणजे तातडीचं, लाल चिठ्ठी लावलेलं. म्हणजे मी तो अठरा तारखेला अत्यंत तातडीनं कुणाच्या तरी हाती दिला. कुणाच्या, ते आठवत नाही. अक्षर नेहमीपेक्षा जरा गोलसर आहे, त्या दिवशी चष्मा नसणार.

प्रकाशकाकडे जाऊन आलो. वाचनालयात विचारलं. दाताच्या डॉक्टरकडे विचारलं, त्यांनी तेवढ्यात एक दाढ बघून घेतली. सांडूला विचारलं, तो म्हणाला, "मला दिलं असतं तर म्या पोच दिली नसती व्हय?" खरंय. त्यानं वीस वर्षांत एक कागद गहाळ केला नाही.

स्वराली, दिवसभर मी हसत हिंडतो, पण आतून पार खचलो आहे. नऊ वर्षं पुन्हा माझ्यापाशी नाहीत, आणि सारजाबाईंपाशी तर नाहीतच.

मामा

संभाजीनगर
१५ डिसेंबर

चि. सौ. स्वरालीस,

मामीचे आशीर्वाद. मी पत्र लिहितेय याचं नवल वाटेल. फोन केला असता, पण हे समोरच बसलेले असतात आणि यांना हवं ते ऐकू येत नाही, नको ते बरोबर येतं.

यांचं काहीतरी बिनसलंय. रोज कुणाकडे तरी जाऊन येतात आणि 'सहज गेलो होतो' म्हणतात. मागच्या आठवड्यात दाताच्या डॉक्टरकडे सहज गेले होते. दाताच्या डॉक्टरकडे कुणी सहज जातं का? जेवण कमी झालंय. कॉम्प्युटरचं विचारलं की विषय बदलतात.

मला कळलंय ते सांगते. मी त्या पडद्याला कुंकू लावलं, त्याची पूड आत गेली आणि यंत्र बिघडलं. माझ्यामुळे झालं म्हणून हे मला बोलत नाहीत. सत्तेचाळीस वर्षांत मला रागावून बोलले नाहीत तेवढं या न बोलण्यानं लागतंय. शब्दकोश प्रकाशकाकडे पोचलाय म्हणतात, तेवढं बरं. तू त्या क्षेत्रातली आहेस, कुंकू निघतं का ते सांग. हवं तर मी कापसानं पुसून देते.

लग्नाला येशील तेव्हा यांच्यासाठी पुण्याहून दोन मोठ्या सुती दस्त्या आण, इथं चांगल्या मिळत नाहीत. बघ, लिहिताना निघून गेलं. दस्ती म्हणजे रुमाल गं, माझ्या माहेरी नांदेडला सगळे दस्तीच म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा यांना म्हटलं, तुमची दस्ती राहिली, तर हे चार माणसांत पोट धरून हसले. दस्ती म्हणे कचेरीतली असते, खिशातली नसते. तेव्हापासून मी यांच्यासमोर रुमालच म्हणते. बाकीचेही माहेरचे शब्द हळूहळू माहेरीच ठेवले.

तब्येतीला जप. हे पत्र आल्याचं यांना कळू देऊ नकोस.

तुझी मामी,
पद्मजा

पुणे
१९ डिसेंबर

प्रिय मामा,

एका घरातून मला दोन गुपितं सांभाळायला मिळाली आहेत आणि आता माझ्याच्यानं होत नाही, म्हणून दोन्ही फोडते.

मामीला वाटतंय की तिच्या कुंकवाची पूड आत जाऊन कॉम्प्युटर बिघडला. तुम्ही तिचं मन राखायला गप्प बसलात, आणि त्या गप्प बसण्यानंच तिला लागलंय. आज तिला खरं सांगा. व्हायरसला कुंकवाशी काही देणंघेणं नसतं, तो टिचकीनं आला, आणि टिचकी तुमची होती.

दुसरं. त्या नोंदीचं गोलसर अक्षर पुन्हा एकदा बघा, या वेळी चष्मा लावून. नऊ वर्षं गावोगाव फिरून तुम्ही लोकांना शब्द विचारलेत. आता एका माणसाला एकच शब्द विचारा: लाल दस्ती म्हणजे काय? ते माणूस तुमच्या स्वयंपाकघरात असतं. आणि उत्तर आलं की हसू नका.

स्वराली

संभाजीनगर
बुधवार, २४ डिसेंबर

चि. स्वराली,

तुझं पत्र वाचलं आणि चष्मा लावून रजिस्टर काढलं. 'दस्ती'तला दकार माझा नव्हता. सत्तेचाळीस वर्षं वाणसामानाच्या यादीत जो दकार बघतोय, तोच.

स्वयंपाकघरात गेलो. मामी मेथी निवडत होती. आधी सगळं खरं सांगितलं, पत्रिका, टिचकी, शब्दकोश गेल्याचं, सगळं. ती मेथी निवडायची थांबली. मग विचारलं, "पद्मजा, लाल दस्ती म्हणजे काय?"

ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "हसणार नाही ना?"

हात पुसून उठली आणि कपाटातून, शालूच्या खालून, एक लाल रुमाल काढला. तिला सासरी पाठवताना तिच्या आईनं हातात दिलेला. जपायच्या वस्तू ती त्यातच बांधते. गाठ सोडली. आत तिच्या आईची नथ, माझा पहिल्या नेमणुकीचा हुकूम आणि तुझा पेन ड्राईव्ह.

"दिवाळीच्या साफसफाईत तो कॉम्प्युटरला खोचलेलाच होता," ती म्हणाली. "तुमचा जीव त्यात, म्हणून काढून दस्तीत बांधला. आणि तुम्ही नोंदीवरून बोलू नये म्हणून रजिस्टरात लिहूनही ठेवलं."

पेन ड्राईव्ह मी हातही न लावता, तसाच त्या रुमालात, प्रेरणाकडे नेला. कॉम्प्युटर नवा कोरा करून, व्हायरस पकडणारा पहारेकरी बसवून झाल्यावर तिनं तो तपासून लावला. सगळे शब्द जागेवर. पंधरा ऑक्टोबरनंतरचे एक्केचाळीस तेवढे गेले. मग तिनं विचारलं की हा एरवी कुठं असायचा. मी म्हटलं, एरवी कॉम्प्युटरलाच खोचलेला, सोयीचं पडतं. ती म्हणाली, "काका, खोचलेला असता तर त्या दिवशी हा पण गेला असता. काकूंनी काढून ठेवला म्हणून वाचला."

मला लाज वाटली, स्वराली. परक्या ओसऱ्यांवर मांडी घालून मी म्हाताऱ्यांना आर्जवं केली, आज्जी आणखी एक शब्द सांगा. आणि घरात एक बाई सत्तेचाळीस वर्षं आपले शब्द गिळून बसली होती, कारण मी एकदा हसलो होतो. मला तो प्रसंग आठवतसुद्धा नाही. तिला तारीख आठवते.

राहिलेल्या एक्केचाळीस शब्दांसाठी सांडूला घेऊन देवगावला गेलो. सारजाबाई म्हणाल्या, "एकदा दिलेलं सांभाळता येईना व्हय तुमाला?" मग सगळे पुन्हा सांगितले, आणि वर सात नवे दिले.

मामा

पुणे
१२ जानेवारी २०२६

प्रिय मामा,

आनंद झाला, पण आता तक्रार. मुखपृष्ठासाठी मी काढलेला फोटो तुम्हाला ईमेलनं पाठवला, त्यावर तुमचं उत्तर आलं: 'अर्ज प्राप्त. पडताळणीअभावी प्रलंबित.' मी तुमची सख्खी भाची आहे.

प्रकाशकांचाही फोन आला होता. प्रूफाची फाईल पाठवली की अर्ध्या तासात तुम्ही रिक्षानं दुकानात हजर होता आणि 'हे आपणच पाठवलंत का' असं विचारून परत जाता म्हणे. आतापर्यंत सहा वेळा. ते म्हणाले, यापेक्षा मी प्रूफं हातातच दिली असती. म्हणजे दस्तीच की.

तरीही मी तुम्हाला थांबवणार नाही. आमच्या ऑफिसात खोटे ईमेल पाठवून आमचीच परीक्षा घेतात. मागच्या आठवड्यात 'तुमचं पार्सल अडकलं आहे' असा एक आला, आणि टिचकी मारून मी नापास झाले. मी, जी तुम्हाला दोन पानं रागवली होती. तेव्हा तुमची पद्धत बरोबर आहे, वेळखाऊ असली तरी.

नवे अपडेट येतात तेव्हा नुसतं 'नंतर' दाबत नाही ना? आणि पेन ड्राईव्ह?

प्रलंबित,
स्वराली

संभाजीनगर
१६ फेब्रुवारी

चि. स्वराली,

तुझा अर्ज मंजूर होऊन मुखपृष्ठावर छापूनही आला. मोनिकाच्या लग्नात तू समोर उभी राहून 'फोटो मीच पाठवला' म्हणालीस, ती पडताळणी ग्राह्य धरली.

अपडेट आले की लगेच घेतो. पेन ड्राईव्ह आता दोन आहेत. दर शनिवारी नक्कल झाली की मी तो काढून मामीच्या हाती देतो, ती दस्तीत बांधते, आणि रजिस्टरात आम्ही दोघं सह्या करतो. ईमेलमधून कुणाचंही लग्न, मुंज, वास्तुशांत आली तरी आधी यजमानाला विचारतो. यात दोन खऱ्या पत्रिका अडकल्या, पण दोन्ही घरी जाऊन आलो, फराळ झाला, कुणी रागावलं नाही.

सोबत प्रकाशनाची पत्रिका आहे. सत्तावीस तारीख, संध्याकाळी पाच. सारजाबाई येणार आहेत. नवं लुगडं घेऊन ठेवलंय असं सांडूनं सांगितलं. पाकिटाच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू मामीनं लावलं आहे. हे पाकीट बिनधास्त उघड, पाठवणाऱ्याचा पत्ता तुझ्या ओळखीचा आहे.

शेवटच्या प्रूफात मी एक नोंद बदलली. प्रकाशक कुरकुरले, पान जुळलंय म्हणाले. मी ऐकलं नाही. ती इथं उतरवून देतो, छापलेली बघशीलच:

'दस्ती (स्त्री.) १. टपालाऐवजी माणसाच्या हाती दिलेला कागद. २. रुमाल. जपायची वस्तू बांधून ठेवण्याचा. (नांदेडकडे.) सांगणार: पद्मजा पिशोरकर, घरच्याच.'

मी वाचून दाखवली तेव्हा तिनं चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसत होती. मग कागद माझ्याकडून घेतला. खाली तिचं अक्षर आहे.

मामा

स्वराली, ताजा कलम माझा. आणखी दोनशेच्या वर शब्द आहेत माझ्यापाशी, यांना अजून सांगितलेले नाहीत. रोज संध्याकाळी चहाबरोबर एक देणार आहे, जास्त नाही. काल पहिला दिला. हे हसले नाहीत, वही आणायला उठले.

मामी